मी कापलेला तक्ता

११ एप्रिल २०२३ रोजी हवामान विभागाने मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर केला: देशात दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, त्यात पाच टक्के कमी-जास्त. आमच्या दैनिकात ती बातमी मी लावली. मथळा दिला, ‘यंदा पाऊसपाणी सरासरीइतकं’. जागा कमी होती, म्हणून शेवटचा तक्ता काढून टाकला.

खरी बातमी त्या तक्त्यातच होती. सर्वसाधारण पावसाची शक्यता ३५ टक्के, त्याहून कमी पावसाची २९ आणि अपुऱ्या पावसाची २२. म्हणजे पाऊस कमी पडण्याची शक्यता ५१ टक्के. आपल्याला किती खात्री आहे, हे शास्त्रज्ञांनी आकड्यांत मांडलं होतं. मी ते वाचकांपर्यंत पोचूच दिलं नाही.

दुसरी चूक ३१ जुलैची. ऑगस्टमध्ये देशात पाऊस कमी राहील, असं विभागाने त्या दिवशी सांगितलं. पण जुलै भरपूर बरसला होता, पहिलं पान पुराच्या बातम्यांनी भरलं होतं. हा अंदाज मी आतल्या पानावर चार ओळींत उरकला. पुढे ऑगस्टची तूट ३६ टक्क्यांवर गेली; १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली. तिथल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. “साहेब, आधी कळलं असतं तर विहिरीचं पाणी उसाला न देता सोयाबीनला राखलं असतं.”

यावर मी केलेली तिसरी चूक सर्वांत वाईट. ‘हवामान खात्याचा अंदाज फसला’ असा लेख लिहिला. हंगामाअखेर देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला, म्हणजे अंदाज सांगितलेल्या मर्यादेतच होता. देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेवरून एका तालुक्याचा ऑगस्ट कळत नाही. तसा दावा विभागाने केलाच नव्हता. तो अर्थ माझ्या मथळ्याने दिला होता. खुलासा छापला, पण तोवर सोयाबीन गेलं होतं.

अनिश्चितता सांगितली की वाचक गोंधळतो, असं मला वाटायचं. शेतकरी तर दरवर्षी जोखीम जोखूनच पेरतो. आता शक्यतांचा तक्ता बातमीच्या वरच्या भागात जातो, आणि मंगळवार-शुक्रवारचा जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला जागा नाही म्हणून मी कधीच गाळत नाही.