साडेनऊचा गुणाकार

२०१४ सालच्या जूनमधली गोष्ट. तेव्हा मी हायस्कुलात गणित शिकवीत होतो. माझा पुतण्या सीबीएसईतून दहावी झाला. पाचही विषयांत 'ए-२', म्हणजे नऊ-नऊ गुणांक, सरासरी ९.०. त्या मंडळाने २०१७ पर्यंत दहावीला गुणांऐवजी श्रेणी दिल्या. टक्के हवे असतील तर सरासरीला ९.५ ने गुणायचे. ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्यांची सरासरी ९५ च्या आसपास येते, तिला १० ने भागून काढलेला हा आकडा. पुतण्याच्या अर्जावर तो गुणाकार मीच केला : ८५.५ टक्के.

माझ्या वर्गातला एक मुलगा, वडगावच्या विणकराचा. एसएसएलसीला ६२५ पैकी ५३४. मराठी १२५ पैकी ११९, इंग्रजी ७१, कन्नड ८३, गणित ९२, विज्ञान ८६, समाज विज्ञान ८३. टक्के ८५.४४. घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही, तरी कन्नडमध्ये ८३!

दोघांचेही अर्ज एकाच कॉलेजात, सायन्सला. यादी पुतण्याच्या नावावर संपली. प्रतीक्षायादीत पहिले नाव माझ्या विद्यार्थ्याचे. फरक ०.०६.

मुलगा शाळेत आला. "सर, मी कुठं कमी पडलो?"

काय सांगणार? 'ए-२' म्हणजे ८१ ते ९० मधले काहीही. पुतण्याचे खरे गुण ८१ असतील किंवा ९०. ते त्यालाही ठाऊक नव्हते. कदाचित तो खरोखरच पुढे असेल. पण याचे गुण मोजलेले होते, त्याचे अंदाजाने आलेले. एकूण गुणांत मायबोलीचा वाटा पाचवा हिस्सा. सर्व विषय सारखे धरले असते तर याचे ८५.०३ टक्केच झाले असते. मराठीने त्याला वर उचलले, तरी तेवढे अंतर उरलेच.

२०१८ पासून त्या मंडळात पुन्हा गुण आले. आज मुख्याध्यापक म्हणून मी पालकांना सांगतो, टक्के शेवटी पाहा. आधी एकेका विषयाचा रकाना वाचा.

यादीतल्या त्या शेवटच्या नावाचा अर्ज मीच भरला होता, हे त्या मुलाला सांगायला मला आठ दिवस लागले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, गुणाकार बरोबर होता ना?"

गुणाकार बरोबरच होता.