संध्याकाळी मिटणाऱ्या पापण्या

घरातील एखादे माणूस दिवेलागणीच्या सुमारास रोज गळून जाऊ लागले, तर आपण त्याला काय म्हणतो? आम्ही आईला आळशी म्हणालो. सकाळी उत्साहाने कामाला लागणारी आई संध्याकाळी भाजी निवडताना डोळे अर्धवट मिटून बसे. जेवताना घास चावता चावता तिचा जबडा थांबे. “अगं आई, रात्री वेळेवर झोपत जा,” असे मीच तिला कितीदा तरी सुनावले.

पुढे निदान झाले : मायस्थेनिया ग्रेव्हिस. डॉक्टरांनी समजावले तेव्हा माझी मान खाली गेली. हालचालीची इच्छा होताच मेंदूचा संदेश चेतातंतूच्या टोकापर्यंत पोचतो. परंतु चेतातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. ती ओलांडण्यासाठी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते व स्नायूवरील ग्राहींना जाऊन मिळते. मग स्नायूपेशीत कॅल्शियम मोकळे होते, आतील तंतू एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आकुंचन पावतो. या विकारात शरीराचीच प्रतिपिंडे ते ग्राही अडवतात, नष्ट करतात. म्हणून स्नायू वापराने दुबळा होतो आणि विश्रांतीने सावरतो. आईची इच्छा शाबूत होती, मेंदूचा निरोपही निघत होता. तो स्नायूपर्यंत पुरता पोचत नव्हता.

1934 साली लंडनमधील डॉ. मेरी वॉकर यांना या रुग्णांची लक्षणे क्युरारे या विषाच्या परिणामासारखी वाटली. त्यांनी त्या विषावरील उतारा, फायसोस्टिग्मिन, देऊन पाहिला आणि रुग्णाची शक्ती काही काळ परतली. ॲसिटिलकोलीनचे विघटन लांबवणे, हेच आईच्या आजच्या गोळ्यांचेही तत्त्व आहे.

आपल्या घरी कोणाची पापणी दिवस कलताना लवत असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलताना आवाज नाकात जात असेल, तर मज्जाविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे. गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. काही प्रतिजैविके या विकारात अपाय करतात, म्हणून कोणतेही नवे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना आजाराची कल्पना द्यावी.

आईची क्षमा मी अजून शब्दांत मागितलेली नाही. संध्याकाळची भाजी मात्र आता मी निवडते.