पिवका नदीच्या पोटात

गुहेत जायला आगगाडी! स्लोव्हेनियातल्या पोस्टोयनाच्या गुहेत प्रवासी १८७२ पासून रुळांवरून जातात. बाहेर ऊन, आत दहा अंशांचा गारठा. सारे जण चुनखडीच्या झुंबरांकडे माना उंचावून पाहत होते. माझे चित्त मात्र खालच्या पाण्यात.

तिथे निफारगस राहतो. झिंग्याच्या दूरच्या गोतातला, नखाएवढा, पांढराफटक, आंधळा. १८४७ साली शिओटे या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले आणि आसपासच्या गुहांतले त्याचे भाऊबंद पुढे त्याच नावाखाली जमा झाले. होणारच! सूक्ष्मदर्शकाखाली पायांचे सांधे मोजा, पकडीवरचे केस मोजा; एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा.

पिवका जमिनीखाली गडप होते, वर येते, पुन्हा बुडते आणि नाव बदलत ल्युब्लियानाला पोचते. मीही पोचलो. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्राण्यांचा डीएनए तपासला, तेव्हा कळले की दिसायला ही जुळी भावंडे, पण लाखो वर्षांत सोयरीक नाही! २०१७ साली त्यांनी त्यांतल्या काहींना वेगळी नावे दिली; शरीरावर खूण सापडेना, म्हणून डीएनएमधलीच खूण नोंदली.

हा निव्वळ पंडिती खटाटोप नव्हे. एकेका जातीचे सारे जग म्हणजे चार-दोन गुहा, आणि वरच्या गावाचे सांडपाणी चुनखडीच्या फटींतून न गाळताच खाली उतरते. संरक्षणाच्या यादीत घालायचे, तर आधी नाव हवे.