हुपरी : पैंजणांचे गाव आणि तराजूची साक्ष

कोल्हापूरच्या आग्नेयेस, पंचगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत हातकणंगले तालुक्यातील हुपरी वसली आहे. वाटेवर दोन्ही बाजूंस उसाचे फड, जवळच यळगूडची दूधसंस्था, परिसरात साखर कारखाना आणि अलीकडच्या काळात कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील ओतशाळा व सूतगिरण्यांच्या छपरांची रांग. परक्या प्रवाशाला हे कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही सधन गावासारखेच वाटावे. परंतु गावात पाऊल टाकताच कानावर बारीक हातोडीचा नाद येतो आणि ही रौप्यनगरी असल्याची खूण पटते.

येथील चांदीकामाला शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. कारखाना म्हणावा तर त्याला धुराडे नाही. घराच्या पुढच्या सोप्यात भट्टी, मधल्या खोलीत तार ओढण्याचे काम आणि माजघरात कड्या जोडणाऱ्या स्त्रिया, अशी अनेक घरांची मांडणी. हुपरीबरोबर रेंदाळ, पट्टणकोडोली यांसारखी शेजारची गावे आणि सीमेपलीकडील मांगूर, कारदगा ही कर्नाटकातील गावेही या एकाच धाग्यात ओवली गेली आहेत. राज्याची सीमा मध्ये आली, तरी पैंजणाची साखळी तुटली नाही.

पैंजणाचा जन्म मुशीत होतो. शुद्ध चांदीत ठरलेल्या प्रमाणात तांबे मिसळून रस ओततात. त्या पट्टीची तार जंत्रीच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढली जाते. तारेच्या कड्या होतात, कड्या गुंफल्या जातात, टाकणखार लावून त्या झाळल्या जातात. पुढे घुंगरू, मीनाकाम, उजळणी. एक दागिना पुरा होईपर्यंत तो अनेक हातांतून आणि बहुधा अनेक घरांतून फिरतो. प्रत्येक उंबरठ्यावर तो तोलला जातो. दिला किती, आला किती, घट किती, याची नोंद वहीत होते. कामाच्या जागेवरील केरही येथे टाकाऊ नसतो, कारण त्यातील चांदीचे कण वेगळे काढणारा झारेकरी त्यासाठी पैसे मोजतो.

या गावाने पायातील दागिनाच का निवडला, याचे उत्तर आपल्या लोकाचारात आहे. सोने कमरेखाली घालू नये, असा संकेत देशभर पाळला जातो. त्यामुळे पैंजण, तोडे आणि जोडवी ही चांदीची मिरास ठरली. शिवाय चांदी ही शेतकऱ्याची बचत आहे. पाऊस चांगला झाला, मालाला भाव आला, की लग्नसराईत चांदी घेतली जाते. दुष्काळात तीच मोडली जाते. म्हणून हुपरीच्या उद्योजकाची नजर दूरच्या प्रांतांतील पावसावरही असते. माल घेऊन परपेठ गाठणारे येथील व्यापारी त्या त्या प्रांतातील आवडीनिवडी घेऊन परत येतात आणि तशी नक्षी येथे घडू लागते. या व्यापारात जैन कुटुंबांचाही वाटा आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून पुन्हा तराजूशी बसणारी घरे येथे नवी नाहीत.

मात्र या चांदीचा भाव हुपरीत ठरत नाही. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ५० डॉलरच्या घरात गेलेली चांदी, अमेरिकेतील हंट बंधूंची साठेबाजी कोसळताच, मार्चअखेर ११ डॉलरच्या आसपास उतरली. २०११ च्या एप्रिलअखेर तेवढीच चढलेली चांदी मेच्या पहिल्याच आठवड्यात पाव हिश्श्याहून अधिक घसरली. ज्याने चांदी वजनाने उधार घेतली आणि माल मात्र रुपयांत उधार दिला, त्याचे भाव चढताच हाल. भाव चढला, तर वसूल झालेल्या रुपयांत तेवढी चांदी परत येत नाही. म्हणूनच जाणती पेढी चांदीचे येणे चांदीत आणि मजुरीचे येणे रुपयांत, अशी दोन खाती वेगळी ठेवते. दोन्ही खात्यांची सरमिसळ म्हणजे व्यापार सोडून सट्टा, ही शिकवण येथे पाटीपेन्सिलीबरोबर मिळते.

खरी परीक्षा भाव पडण्यापेक्षा भाव चढण्यात आहे. २०१९ च्या सुमारास किलोला ४० हजार रुपयांच्या आसपास असलेली चांदी २०२४ मध्ये लाखाला भिडली. दहा किलो चांदीवर फिरणाऱ्या कुटुंबाला पूर्वी चार लाखांचे भांडवल पुरत असे. २०२४ च्या त्या भावाने तेवढ्याच कामाला दहा लाख लागू लागले. शेकडा एक घट झाली, तर चार हजारांच्या जागी दहा हजारांचा फटका बसू लागला. मजुरी मात्र वजनावर ठरते. ती भावाच्या वेगाने चढत नाही. सेलम, राजकोट, आग्रा, मथुरा येथील पेठांची चढाओढ आहेच. यंत्रावर घडलेली साखळी स्वस्त पडते. हाताच्या कामाला वेळ लागतो.

अशा वेळी मोह टंचाच्या वाटेने येतो. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, ते टंच सांगतो. सत्तर टंचाचा दागिना ऐंशीचा म्हणून विकला, तर किलोमागे शंभर ग्रॅम चांदी ग्राहकाच्या हातून जाते. लाखाच्या भावाने ते दहा हजार रुपये होतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. सोन्याच्या दागिन्यांवर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली, तेव्हा चांदी त्या सक्तीबाहेर राहिली; साहजिकच सारा भार विक्रेत्याच्या शब्दावर राहिला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खोटी मापे व भेसळीचा माल, या दोहोंना जागा दिली. ते सांगताना त्यांच्यापुढे व्यापारी गृहस्थच असला पाहिजे. हुपरीच्या ताजव्यापाशी त्या जुन्या शब्दांना आजचा अर्थ येतो.

गावापुढे आणखी एक प्रश्न आहे. भट्टीची उष्णता आणि उजळणीच्या आम्लाची वाफ राहत्या घरात किती काळ सोसावी? औद्योगिक क्षेत्रात जागा, धुराची निचरावाट, पक्की वीज आणि यंत्रे मिळू शकतात. परंतु काम घराबाहेर गेले, तर संसार सांभाळून कड्या जोडणाऱ्या स्त्रियांचे काय, ही शंका वडीलधारी माणसे काढतात. तरुणांचे म्हणणे वेगळे. भट्टी आणि आम्ल तेवढे गावाबाहेर न्यावे, जोडकाम घरी ठेवावे. यंत्राने तार काढावी, नक्षी हाताने करावी. शिकून परतलेल्या मुलाला सोप्यातल्या धुरात बसवणे कठीण आहे. प्रत्येक नगावर टंचाची मुद्रा उमटवणारी, उजेडाची कार्यशाळा चालवायला तो तयार होईल.

दिवेलागणीला हातोड्यांचा नाद मंदावतो. दिवसाचा माल ताजव्यात पडतो, वही उघडते, घट मांडली जाते. सकाळी मोजून दिलेली चांदी संध्याकाळी मोजून परत येते आणि मगच कपाटाला कुलूप लागते. पुढे कधीतरी एखाद्या अनोळखी गावात ते पैंजण एखाद्या लेकीच्या पायात वाजेल. घडवणारा कोण, हे तिला कळणार नाही. तिच्या वडिलांनी मोजलेल्या पैशांइतकी चांदी त्यात असावी, एवढ्यासाठी हुपरीची वही रोज संध्याकाळी उघडते.