पार्सल आलंच नाही

आमच्या अम्मी लातूरला राहतात आणि आम्ही दोघं शाळेच्या नोकरीमुळे नांदेडला. दर शुक्रवारी मगरिबनंतर त्यांचा फोन ठरलेला. 2024 च्या फेब्रुवारीत प्रत्येक फोनचा शेवट एकाच प्रश्नाने व्हायचा, "इधर तो पार्सल नई आया. उधर तो नई गया ना?"

त्या पार्सलमध्ये अक्षरं मोठी करून दाखवणारं एक छोटं यंत्र होतं. पुस्तकावर ठेवलं की त्याच्या पडद्यावर हरभऱ्याएवढं अक्षर बोराएवढं दिसतं. अम्मींच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. चष्म्याचा नंबर वाढवून आता फायदा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सकाळची तिलावत आणि दुपारचा उर्दू अखबार ही ज्यांची आयुष्यभराची सवय, त्या बाई आता नातवाला "जरा वाचून दाखव बेटा" म्हणून आर्जवं करायच्या. रमजान 12 मार्चला सुरू होणार होता. त्याआधी हे यंत्र त्यांच्या हातात पडावं, एवढीच आमची इच्छा होती.

मोबाईलवर जाहिरात दिसली. किंमत रुपयांत, माहिती हिंदीत, खाली लोकांच्या कौतुकाच्या ओळी. कंपनी परदेशातली आहे हे आम्हाला पैसे भरताना कळलं. 11 जानेवारीला डेबिट कार्डाने 7,460 रुपये भरले आणि पत्ता लातूरचा दिला. 'वीस दिवसांत घरपोच' असं लिहिलेलं होतं.

वीसाचे तीस झाले, तीसाचे चाळीस. विचारलं की एकच उत्तर यायचं, "कृपया आणखी पंधरा दिवस थांबा." 26 फेब्रुवारीला मोबाईलवर संदेश आला, 'आपले पार्सल पोहोचले आहे.' आम्ही आनंदाने लातूरला फोन केला. अम्मी म्हणाल्या, "किसके घर पहुंचा?"

त्या रविवारी आम्ही लोहा, अहमदपूर करीत एसटीने लातूर गाठलं. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून टपाल कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी पार्सलचा क्रमांक बघितला आणि आमचीच शिकवणी घेतली. परदेशी टपालाच्या क्रमांकात आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरं असतात. शेवटची दोन अक्षरं कुठल्या देशातून टपाल निघालं ते सांगतात. आमचा क्रमांक खराच होता. पण पार्सल ज्या कार्यालयातून वाटलं गेलं, ते लातूर जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रातही नव्हतं. म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या पार्सलचा क्रमांक आमच्या नावावर चिकटवला होता. बाबूंनी तो कागद छापून दिला आणि म्हणाले, "सर, हा सांभाळा. हाच तुमचा साक्षीदार." टपालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हरवलेल्या पार्सलची भरपाई मुळात पाठवणाऱ्याला मिळते, म्हणून टपालखात्याशी भांडून आपल्या हाती फार काही लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

खरं सांगायचं तर तोवर आम्ही ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. लाज वाटत होती. दरवर्षी 24 डिसेंबरला आम्ही शाळेत राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा त्या दिवशी मंजूर झाला, म्हणून तो दिवस. मुलांकडून ग्राहकाचे सहा हक्क पाठ करून घेतो: सुरक्षेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं मांडण्याचा, दाद मागण्याचा आणि ग्राहक शिक्षणाचा. आणि आम्हीच फसलो, हे स्टाफरूममध्ये कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेवटी सांगितलं. तेव्हा कळलं की तिथे बसलेल्यांपैकी पाच जणांचं असंच काहीतरी बुडालं होतं. कुणाचं घड्याळ, कुणाच्या मुलीचा ड्रेस, कुणाचा बुरख्याचा कापड. पाचही जण म्हणाले, "जाऊ द्या म्हटलं." आम्हाला वाटतं, या 'जाऊ द्या'वरच असल्या लोकांची दुकानं चालतात. सब्र चांगलीच गोष्ट आहे, पण आपला हक न मागणं म्हणजे सब्र नव्हे.

मग आम्ही कायदा वाचायला घेतला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे आणि त्याच महिन्यात ऑनलाईन खरेदीचे नियमही आले. ज्या परदेशी कंपन्या भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे माल विकतात, त्यांनाही हे नियम लागू आहेत. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा आला, तरी विक्रेत्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. मग जो आलाच नाही त्याचं काय सांगावं? युरोपातही असंच आहे. माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची मानतात.

आम्ही त्या कंपनीचं संकेतस्थळ पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. तक्रार अधिकाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. हे खरेदीच्या आधी बघायला हवं होतं. तरी त्यांच्या ईमेलवर तारखा घालून रीतसर तक्रार पाठवली. उत्तर आलं: "आमच्या नोंदीप्रमाणे माल पोहोचला आहे, तरी सद्भावना म्हणून निम्म्या रकमेचं कूपन देतो." कूपन आम्ही घेतलं नाही. घेतलं असतं तर प्रकरण आपसांत मिटलं, असं त्यांना म्हणता आलं असतं.

4 मार्चलाच आम्ही बँकेत अर्ज दिला होता. खिडकीवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, "ओटीपी तुम्हीच टाकला ना? मग बँक काय करणार?" ऐकून आम्ही गप्पच झालो. पण आतल्या मॅडमनी फरक समजावला. कुणी न विचारता खात्यातून पैसे काढले तर ती चोरी. त्याचे नियम वेगळे. आपण स्वतः पैसे भरले आणि माल आला नाही, तर तो वाद. त्यात कार्डाच्या व्यवस्थेतून विक्रेत्याकडून पैसे परत मागवता येतात. याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते आणि ती कार्डानुसार बदलते. म्हणूनच "आणखी पंधरा दिवस थांबा" हे वाक्य गोड वाटलं तरी धोक्याचं. आपण थांबत राहतो आणि दावा करण्याचे दिवस निघून जातात.

अर्जासोबत आम्ही ऑर्डरची पावती, 'वीस दिवसांत' हे लिहिलेलं पान, सगळे ईमेल आणि टपाल कार्यालयातला तो कागद जोडला. दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घेतली. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. तशी वेळ आमच्यावर आली नाही. त्याच आठवड्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवली.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. आम्हाला वाटायचं, परदेशी कंपनीविरुद्ध तक्रार म्हणजे मुंबई-दिल्लीच्या चकरा. तसं नाही. नव्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आम्हाला नांदेडलाच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची. आता 'ई-जागृती' या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मात्र एक गोष्ट लपवून उपयोग नाही. ज्या कंपनीचं भारतात कार्यालयही नाही आणि माणूसही नाही, तिच्याकडून आयोगाच्या आदेशाचे पैसे वसूल करणं अवघड असतं. म्हणून आधी बँक, सोबत 1915, आणि कंपनीचा इथे पाय असेल तर आयोग, असा क्रम आम्हाला शहाणपणाचा वाटतो. पैसे कार्डाऐवजी कुणाच्या खासगी खात्यावर पाठवले असतील आणि ती फसवणूकच असेल, तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

रमजान आला आणि गेला. अम्मींनी तो महिना जेवढं पाठ होतं तेवढं म्हणत काढला. तक्रार एका शब्दाची नाही. ईदला आम्ही लातूरला गेलो, तेव्हा त्यांनी पलंगाखालून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. अब्बांनी गंजगोलाईत एका कापडाच्या दुकानात तीस वर्षं मुनीमकी केली. त्या डब्यात त्यांनी सांभाळलेल्या पावत्या होत्या. शिलाई मशीनची, रेडिओची, आमच्या पहिल्या सायकलची. अम्मी म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा कहते थे, भरोसा दिल में रखो, हिसाब कागद पर."

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातली 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार करायला सांगते. आधी पैसे देऊन नंतर माल घेण्याची रीत मदिनेतही होती. माप, वजन आणि मुदत आधीच ठरलेली असावी, अशी अट पैगंबर साहेबांनी (स.) तिला घातली. हे आम्ही कितीदा ऐकलं होतं. मोबाईलवर बोट टेकवताना मात्र आठवलं नाही.

2 मे रोजी 7,460 रुपये खात्यात परत आले. त्याच महिन्यात अम्मींना नांदेडला आणलं आणि चष्म्याच्या एका दुकानात तसंच यंत्र मागवून घेतलं. सातशे रुपये जास्त गेले. पण अम्मींनी दुकानातच बसून अखबाराचा अर्धा रकाना वाचून पाहिला, मग होकार दिला. आम्ही पैसे देऊन निघालो तर त्या दारातच थांबल्या.

"पावती लिया क्या?"

घेतली होती. त्यांनी यंत्र डोळ्यांसमोर धरून दुकानाचं नाव, तारीख आणि रक्कम सावकाश वाचली. मग पावतीची घडी घालून बटव्यात ठेवली. ती आता लातूरच्या त्या डब्यात आहे.