धौली : जिंकणाऱ्याने मागे काय ठेवले?

आपल्या लोकांच्या धम्मयात्रा आता पुष्कळ निघतात. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ही नावे वस्तीतल्या लहान मुलांनाही पाठ असतात. महिन्याला थोडेथोडे बाजूला टाकून आयाबाया ही यात्रा करतात आणि आयुष्याचे सार्थक झाले असे म्हणतात. परंतु ओडिशातल्या धौलीला जाणारे फार थोडे. तथागतांच्या जीवनातल्या चार मोठ्या स्थळांत धौली मोडत नाही. धौली ही एका सेनापतीची जागा आहे. ज्याने लाखाचा संहार करून प्रांत जिंकला, त्याने त्याच प्रांताच्या छातीवर काय लिहून ठेवले, हे पाहण्यासाठी तिथे जायचे असते.

मुंबईहून भुवनेश्वरला कोणार्क एक्सप्रेस जाते. पुणे, सोलापूर, विजयवाडा, विशाखापट्टणम अशी ती दीड दिवस धावते. भाकरी, चटणी, चिवडा बांधून घेतला की प्रवास सोपा होतो. दुसऱ्या दिवशी रुळाच्या कडेने चिलका सरोवराचे पाणी दिसू लागले म्हणजे भुवनेश्वर जवळ आले असे समजावे. आमच्या विहारातली पंधरा-सोळा माणसे होती. त्यात नगरपालिकेत झाडूकाम करून निवृत्त झालेल्या आक्का होत्या, फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलेले एक काका होते आणि कॉलेजात जाणारी दोन पोरे होती.

भुवनेश्वरहून दक्षिणेला पुरीचा रस्ता लागतो. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, दया नदीच्या काठी धौलीची टेकडी आहे. लांबूनच टेकडीवरचा पांढराशुभ्र शांतिस्तूप दिसतो. जपानच्या फुजी गुरुजींच्या निप्पोनझान म्योहोजी संघाच्या पुढाकाराने तो १९७२ मध्ये उभा राहिला. बसगाड्या थेट वर जातात, लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, फोटो काढतात आणि पुरीच्या समुद्राकडे निघून जातात. खरी वस्तू मात्र खाली, रस्त्याच्या बाजूलाच राहते. ती म्हणजे अशोकाचा शिलालेख.

खडकाची एक बाजू घासून गुळगुळीत केली आहे आणि तिच्यावर ब्राह्मी लिपीत ओळीमागून ओळी कोरल्या आहेत. वरच्या अंगाला खडकातूनच एक हत्ती बाहेर पडताना दिसतो. पूर्ण हत्ती नाही. डोके, सोंड आणि पुढचे पाय एवढेच, जणू दगड फोडून तो आपल्याकडे चालत येतो आहे. सहाव्या लेखाच्या शेवटी ‘सेतो’ असा एक शब्द आहे. सेतो म्हणजे पांढरा. हा शब्द या हत्तीला उद्देशून असावा असे विद्वान मानतात. महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती आपल्याला माहीत आहेच. ज्या भूमीत युद्धाचे हत्ती माणसे तुडवीत गेले, तिथे राजाने बुद्धाचा हत्ती उभा केला.

कलिंगाचे युद्ध इ.स.पू. २६१ च्या सुमारास झाले. गाइड सांगतात की दया नदीचे पाणी रक्ताने लाल झाले होते. अशोकाच्या लेखांत दया नदीचे नाव नाही, पण युद्धाचे आकडे आहेत. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, असे तो स्वतःच सांगतो. मेलेल्यांच्या आप्तांचे, मित्रांचे दुःखही तो मोजतो. जो सुखरूप राहिला त्याच्याही जिवलगावर घाला पडला, म्हणजे तोही जखमीच झाला, असा त्याचा हिशेब आहे. जगात सेनापती थोडे झाले नाहीत, पण आपल्याच विजयाचे असे उलटे जमाखर्च मांडणारा दुसरा कोणी चटकन सांगता येणार नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे आकडे ज्या तेराव्या लेखात आहेत तो लेख धौलीला नाही. गिरनारला आहे, कालसीला आहे, पाकिस्तानात शाहबाजगढीला आहे. खुद्द कलिंगात, धौली आणि गंजम जिल्ह्यातल्या जौगड या दोन्ही ठिकाणी, अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख वगळले आहेत. काही विद्वान म्हणतात, जखमेवर मीठ चोळू नये म्हणून. काही म्हणतात, जिंकलेल्या प्रजेपुढे राजाने कबुली देऊ नये हे राजकारण म्हणून. काहीही असो. महत्त्वाचे हे की ती जागा त्याने आपल्या पराक्रमाच्या वर्णनाने भरली नाही. तिथे त्याने कलिंगासाठी दोन वेगळे लेख घातले.

आम्ही हे बोलत असताना आक्का खडकाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हितं मेलेल्या शिपायांची नावं कुठं हायेत? आपल्या कोरेगावला हायेत तशी?”

प्रश्न साधा, पण उत्तर देताना जीभ जड झाली. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत, म्हणून तर आपण दरवर्षी तिथे माथा टेकतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले आणि त्या नावांना आपल्या इतिहासात स्थान मिळाले. धौलीला एकाही शिपायाचे नाव नाही. ना मगधाच्या, ना कलिंगाच्या. मी म्हणालो, “आक्का, नावं नाहीत. पण जे जगले त्यांना कसं वागवायचं, ते लिहिलंय.”

ते काय लिहिले आहे हे मला विशेष भिडले, कारण मी कारकून माणूस. तीस वर्षे परिपत्रके वाचण्यात आणि फायलीला लावण्यात गेली. धौलीचा पहिला वेगळा लेख म्हणजे सरळसरळ एक परिपत्रक आहे. तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे शहराचा न्यायनिवाडा पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, तो उद्देशून आहे. राजा सांगतो की हजारो जीव तुमच्या हाती दिले आहेत. सगळी माणसे माझी लेकरे आहेत. लेकरांसाठी जे सुख मी इच्छितो तेच सर्वांसाठी इच्छितो. हे तुम्हाला नीट कळलेले नाही, एखाद्याला कळले असले तरी अर्धवट कळले आहे, असेही तो स्पष्ट सुनावतो.

मग तो मुद्द्यावर येतो. एखादा माणूस कारण नसताना कैदेत पडतो, त्याचा छळ होतो आणि त्याच्यापायी आणखी पुष्कळ जण दुःख भोगतात. हे होता कामा नये. वाचकहो, वस्तीतल्या ज्या घरातला कमावता मुलगा संशयावरून उचलला गेला आणि तारखांमागून तारखा पडत राहिल्या, त्या घराला या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एकाला आत टाकले की आईची कामे सुटतात, बहिणीचे लग्न मोडते, भावाची शाळा बंद होते. हे दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी एका राजाला दिसले होते.

अधिकाऱ्याच्या हातून न्याय का होत नाही याचीही कारणे त्याने मोजून दिली आहेत. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, उतावळेपणा, हट्ट, आळस आणि ढिलाई. सात दोष. कोणत्याही कचेरीत खेटे घालून आलेल्या माणसाला विचारा, यातला एकही दोष त्याच्या ओळखीचा नाही असे होणार नाही. पुढे हुकमाची अंमलबजावणी आहे. दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी तपासणीला पाठवीन. उज्जैनचा राजपुत्र तीन वर्षांच्या आत पाठवील, तक्षशिलेहूनही तसेच होईल. आणि हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मधल्या काळातही वाचावा, ऐकणारा एकटाच असला तरी वाचावा.

एकटाच असला तरी! आपल्याकडे परिपत्रक निघते ते अधिकाऱ्याच्या टेबलाच्या खणात जाते. ज्याच्यासाठी ते निघाले त्याला ते कधी दिसत नाही. अशोकाने अधिकाऱ्याला दिलेली ताकीद प्रजेच्या कानावर घालायची व्यवस्था केली. अधिकारी चुकला तर तो चुकला हे गरिबाला कळावे, असा त्याचा परिणाम होतो.

दुसरा वेगळा लेख सरहद्दीपलीकडच्या न जिंकलेल्या लोकांबद्दल आहे. त्यांनी माझी धास्ती घेऊ नये, माझ्याकडून त्यांना सुखच मिळेल, क्षमा करण्याजोगे असेल ते मी क्षमा करीन, असा निरोप राजा देतो. हे वाचून दाखवले तेव्हा फौजेतले काका म्हणाले, “लढाई जिंकणं एक वेळ सोपं. जिंकल्यावर आपल्याच माणसांना आवरणं अवघड. तिथं खरा सेनापती कळतो.” यापेक्षा चांगले भाष्य मला कुठल्या पुस्तकात सापडले नसते.

आंधळी भक्ती मात्र आपण करू नये, बाबासाहेबांनी आपल्याला ती शिकवलेली नाही. अशोकाने कलिंग परत दिल्याचा उल्लेख नाही. सैन्य बरखास्त केल्याचाही नाही. तेराव्या लेखात जंगलातल्या लोकांना, पश्चात्ताप झाला तरी माझ्या हातात बळ आहे, असा इशारा तो देतोच. राज्य त्याने सोडले नाही, राज्य कशासाठी वापरायचे ते बदलले. चौथ्या लेखात तो म्हणतो की रणभेरीचा आवाज आता धम्माचा आवाज झाला आहे. दुसऱ्या लेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचार, रस्त्याकडेची झाडे, विहिरी यांची नोंद आहे. हे दोन्ही लेख धौलीच्या खडकावर आहेत.

भुवनेश्वरच्या पश्चिमेला उदयगिरीच्या लेण्यांत हाथीगुंफा आहे. तिथे कलिंगाचाच पुढचा राजा खारवेल याचा सतरा ओळींचा लेख आहे. तोही अवश्य पाहावा. हा जैन राजा कर्तबगार होता. वादळाने पडलेली राजधानी त्याने दुरुस्त केली, कालवा शहरापर्यंत आणला, सर्व पंथांचा मान ठेवला. पण लेखाचा मोठा भाग स्वाऱ्यांचा आहे. सातकर्णीला न जुमानता सैन्य धाडले, रठिक आणि भोजक यांना पायाशी आणले, असे वर्षावर्षाचे वर्णन आहे. रठिक-भोजक म्हणजे आपल्या बाजूचे लोक असे विद्वान मानतात. अलाहाबादच्या किल्ल्यात तर अशोकाच्याच स्तंभावर पुढे समुद्रगुप्ताने हरलेल्या राजांची यादी कोरून घेतली. एकाच दगडावर खाली-वर दोन राजे बोलतात. एक सांगतो मी कोणाला हरवले. दुसरा सांगतो माणसाने माणसाशी कसे वागावे.

अशोकाचे साम्राज्य टिकले नाही. त्याच्यानंतर पन्नासेक वर्षांत, इ.स.पू. १८५ च्या सुमारास, शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने सैन्यासमोर ठार केले. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारेही उरले नाहीत. गुराखी त्या खडकाच्या सावलीत बसत असतील, पण खडक मुका होता. १८३७ मध्ये किट्टो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने धौलीचा लेख उजेडात आणला आणि त्याच सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला. देवांचा प्रिय प्रियदर्शी म्हणजे अशोक, हे कळायला सिंहलद्वीपाच्या बौद्ध ग्रंथांनी मदत केली. १९१५ मध्ये कर्नाटकात मस्कीला अशोक हे नावच असलेला लेख मिळाला. स्वदेशात विसरलेला राजा बाहेरच्या भिक्खूंनी जपून ठेवला होता.

आज लोकसभेवर फडकणाऱ्या झेंड्यात त्याचे चक्र आहे. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी ते स्वीकारले. सारनाथचे सिंह २६ जानेवारी १९५० पासून राष्ट्राची मुद्रा झाले. रणांगणाबाहेरच्या शौर्यासाठी फौजेतला सर्वोच्च सन्मान आहे, त्याचे नाव अशोक चक्र. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला तो दिवस अशोक विजयादशमीचा. कोणत्या लढाईतल्या तलवारीने हे मिळवले नाही. लढाईनंतर हातात घेतलेल्या छिन्नीने मिळवले.

ज्यांना ओडिशाला जाणे परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. मुंबईजवळ सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ठेवला आहे. रविवारी मुलांना घेऊन जा आणि दाखवा.

आपल्या चळवळीतही लहानमोठे सेनापती पुष्कळ आहेत. प्रत्येकाला आपले नाव राहावे असे वाटते. कोणी कमानीवर घालतो, कोणी फलकावर, कोणी विहाराच्या फरशीवर. त्यात गैर काही नाही. पण धौलीचा खडक विचारतो की तुझ्या हाती सत्ता आली, मग ती ग्रामपंचायतीची असो की पतपेढीची, तेव्हा तुझ्या हाताखालच्या दुबळ्या माणसाला तू कसे वागवलेस? निवडणुकीत जो तुझ्या विरुद्ध उभा होता, त्याच्या घरचा नळ तू जोडलास की तोडलास?

माझी एकच सूचना आहे. प्रत्येक विहारात वंदनेनंतर कलिंगाचा हा पहिला वेगळा लेख मराठीत वाचला जावा. महिन्यातून एकदा वाचा, पौर्णिमेला वाचा. आपली शिकलेली मुले उद्या कचेरीत, पोलिसात, फौजेत अधिकारी होतील, त्यांच्या कानावर ते सात दोष लहानपणीच पडू द्या. वाचायला दहा मिनिटे लागतील. पावसापाण्यात कोणी आले नाही आणि विहारात एकच म्हातारी बसलेली असली, तरी वाचा. राजाची आज्ञाच तशी आहे.

जयभीम!