खिळ्यावरचे मारुतराय

देवळाली कॅम्पच्या बाजारात एक दुकान आहे. जूनमध्ये वह्या, श्रावणात राख्या, संक्रांतीला पतंग, होळीला पिचकाऱ्या. माल ऋतूप्रमाणे बदलतो, गल्ल्यामागची भिंत मात्र बदलत नाही. त्या भिंतीवर, कॅलेंडरच्या जरा वर, खिळ्याला टांगलेले आहेत ते आमचे मारुतराय. प्लास्टिकचा मुखवटा. वजन पोस्टकार्डाएवढं, रुबाब ग्रामदैवताचा. या, ओळख करून देतो. हात जोडा, न जोडा, तुमची मर्जी. फक्त ‘हा कुठल्या पिक्चरमधला?’ असं तोंडावर विचारू नका. फार लागतं त्यांना.

जवळून पाहा. मुकुटाचा सोनेरी रंग साच्याला सोडून जवभर सरकलाय, त्यामुळे सोनं मुकुटावर कमी आणि डाव्या कानावर जास्त. उजव्या कानाला पोचा. नाकाला दोन भोकं, श्वास घ्यायला. डोळ्यांना दोन फटी, पण त्या दोन्ही एकाच पोराच्या दोन्ही डोळ्यांसमोर आल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. गाल फुगलेले, ओठ मिटलेले. हसतायत म्हणावं तर तसं नाही, रागावलेत म्हणावं तर तेही नाही. सत्यनारायणाला आरती लांबली की जेवणाकडे कान लावून बसलेल्या पाहुण्याचा चेहरा होतो ना, तसा.

आले ते 2005 च्या दिवाळीच्या सुमाराला. व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ हा अ‍ॅनिमेशनपट तेव्हा थिएटरांत लागला होता आणि पोरं सूर्याला फळ समजून उड्या मारत होती. मोठेपणीच्या हनुमानाला आवाज मुकेश खन्नांचा, म्हणजे साक्षात शक्तिमानाचा. शेठनी एक डझन मुखवटे मागवले. अकरा गेले. बाराव्याच्या कानाला पेटीतच पोचा पडला होता, म्हणून तो राहिला. मारुतरायांचं म्हणणं वेगळं आहे. आपल्याला राखून ठेवलंय, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

स्वभाव तापट. सगळा ताप इलास्टिकमध्ये साठलाय. स्टेपलरच्या पिनांनी कानांना जोडलेलं हे इलास्टिक पोराच्या डोक्यावरून मागे जाईपर्यंत गप्प असतं, मग सुटतं आणि कानशिलावर सटकन बसतं. शेठ शांतपणे नवी पिन मारतात. आतल्या अंगाला अशा पिनांची ओळच झालीय. मुखवटा काढला की गालावर लाल रेघ उठलेली असते, आणि आतल्या वाफेनं नाकाचा शेंडा ओला झालेला असतो. विकत घेतो म्हणून तोंडाला लावलेला मुखवटा पोरं दोन मिनिटांत परत ठेवतात. इतकी वर्षं मारुतराय खिळ्यावर का आहेत, याचं खरं कारण हेच.

एका बाबतीत मात्र ते कॅम्पचे पक्के रहिवासी. तोफखान्याचं फायरिंग सुरू झालं की इथल्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, कपाटातले पेले किणकिणतात. गावाला सवय आहे, कोणी मान वर करत नाही. खिळ्यावरचे मारुतराय मात्र प्रत्येक बाराला हलकेच मान डोलावतात. दुकानात त्या वेळी जे कोणी बोलत असेल, त्याला वाटतं आपल्याला दुजोरा मिळाला.

आणि बोलणारे फार. फौजी कुटुंबं दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, नवी येतात, त्यामुळे इथल्या गिऱ्हाईकात अख्खा देश असतो आणि प्रत्येकाचा हनुमान आपापल्या गावाहून आलेला असतो. “अंकल, ये वाला नहीं,” हे वाक्य मारुतरायांनी जितक्या हेलांत ऐकलंय तितके हेल आकाशवाणीनं ऐकले नसतील.

पहिला घाव बसला 2007 च्या डिसेंबरात. ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. ज्याचे ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘नो स्मोकिंग’ त्याच वर्षी लागले, त्याच गृहस्थानं वर्षाच्या शेवटी पोरांसाठी मारुती केला. हा मारुती ब्रह्मदेवाची परवानगी काढून पृथ्वीवर जन्म घेतो, माणसाच्या घरात वाढतो, शाळेत जातो. दुकानात दोन तट पडले. एक पोरगा म्हणाला, “भारी आहे, त्यालापण शाळा.” दुसरा, त्याच्याहून वर्षभरानं मोठा, भलता दुखावलेला. “ज्यानं सूर्याकडे जाऊन विद्या घेतली, तो बाकावर कशाला बसेल?” बिनतोड. शेठच्या वडिलांचा आक्षेप आणखी सोपा होता: देवाला चड्डी घातली. बाहेर धडाम झालं. मारुतरायांनी तिघांनाही मान डोलावली.

मग भीम आला. 2008 पासून पोगोवर ‘छोटा भीम’ दिसू लागला आणि महाभारताशी नावापुरता संबंध असलेला तो ढोलकपूरचा पोरगा लाडू खाऊन जो उठला तो कोणाला आवरेना. त्याचे मुखवटे शेजारच्या खिळ्यावर आले आणि गठ्ठ्यानं गेले. मारुतराय तेव्हापासून त्या खिळ्याकडे बघत नाहीत. फटी सरळ नाहीत म्हणून, असं मी म्हणतो, शेठ हसतात. पुढे 2019 मध्ये ‘मायटी लिटिल भीम’ आला. त्यात भीम रांगतं बाळ, बोलत नाही, नुसता खिदळतो. घरातली धाकटी खूश. पण भीमाबरोबर वाढलेली बारा-तेरा वर्षांची पोरं अशी बिथरली, की जणू त्यांच्या बाळपणाचा बिनलंगोटीचा फोटो कोणी चौकात लावला होता.

खरा कहर 2020 चा. जूनमध्ये अफवा उठली की मोठा झालेला भीम आपल्या मैत्रिणीला, चुटकीला, सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न करतोय. ज्यांनी स्वतः एव्हाना नोकऱ्या धरल्या होत्या अशा लोकांनी देशभर चुटकीसाठी न्याय मागितला. शेवटी हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला की ही सगळी पात्रं अजून लहान मुलं आहेत, लग्नबिग्न कोणाचंही नाही. वर्षानुवर्षं चुटकीच्या घरचे लाडू खाल्ले, ते काय फुकट? असा एकूण सूर होता. टाळेबंदीत दुकानाचं शटर वरखाली होत होतं, त्यामुळे मारुतरायांना ही बातमी उशिरा कळली. कळल्यावर त्यांनी काहीच केलं नाही. ब्रह्मचाऱ्याला सोयरिकीतलं काय विचारायचं?

डोकं फिरण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. इंग्रजीत ठार वेडं होण्याला ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आमच्या गावाच्या नावावरून गेलाय. गोरे सोल्जर मायदेशीच्या बोटीची वाट पाहत इथल्या तळावर महिनोन्‌महिने पडून राहायचे, आणि रिकामपण, ऊन, ताप यांनी भ्रमिष्ट व्हायचे. तेव्हा रिकाम्या वेळात काल्पनिक चुटकीसाठी जीव टाकणाऱ्यांना हसण्याचा अधिकार देवळालीकराला तरी नाही.

2023 चा जून मात्र मारुतरायांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट महिना. महिन्याच्या सुरुवातीलाच नवा अ‍ॅनिमेशनचा स्पायडरमॅन लागला, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. भारतात 10 भाषांत, आणि त्यांत मराठी. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडरमॅन आहे, ‘मुंबॅटन’ गावचा. केसांचा भारी गर्व, संकटात बेफिकीर, जिभेवर धार. पोरं फिदा. कॅम्पातला एक तिशीचा गडी तेवढा नाराज. त्याच्याकडे 2004 चं कॉमिक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं आहे. त्यातला पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला, बुजरा, आणि धोतर नेसलेला. “धोतर गेलं त्याचं दुःख नाही,” तो गल्ल्यावर कोपर टेकून शेठना सांगत होता, “पण हा लाजत नाही हो!” ‘धोतर’ आणि ‘लाजणं’ यांच्यासाठी इतकं कळवळलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या कॉमिकच्या निर्मात्यांपैकी शरद देवराजन आणि जीवन कांग यांनीच पुढे 2021 मध्ये ‘द लीजंड ऑफ हनुमान’ ही मालिका आणली, हे मी त्याला सांगितलं. तिच्यातला हनुमान स्वतःची ताकद विसरलेला, शोधत फिरणारा आहे. तो क्षणभर गप्प झाला. म्हणाला, “तो लाजतो. तो बरोबर आहे.”

दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच 16 जूनला ‘आदिपुरुष’ आला. माणसं खरी, बाकी बहुतेक सगळं संगणकात रंगवलेलं; म्हणजे अ‍ॅनिमेशनचा मावसभाऊच. दिग्दर्शक ओम राऊत, हनुमान देवदत्त नागे. आता नागे म्हणजे ‘जय मल्हार’मधले खंडोबा, आणि आमच्या डोक्यावर खंडोबाची टेकडी. कॅम्पातल्या बायकांनी त्या मालिकेत त्यांना रोज पाहिलेलं. तर निर्मात्यांनी आधी जाहीर केलं की प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवणार. मारुतराय त्या आठवड्यात जरा फुगले होते. मग पिक्चर लागला आणि लंकेतल्या हनुमानाच्या तोंडी गल्लीतली भाषा ऐकू आली. देशभर इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. दुकानात वही घ्यायला आलेल्या एक काकू म्हणाल्या, “आमच्या खंडोबाला कोणी शिकवलं असं बोलायला?” शेठ म्हणाले, “काकू, तो मारुती होता.” काकू म्हणाल्या, “कोणी का असेना. घरचा आहे ना?”

माझ्या मते काकूंनी या विषयावर बोलण्यासारखं सगळं बोलून टाकलं. रंग बदला, दंड फुगवा, बाळ करा, शाळेत घाला, लोक कुरकुरतील आणि तिकीट काढतील. तो बोलतो कसा, वागतो कसा, यात ढवळाढवळ झाली की मात्र सून बदलून आल्यासारखं घर पेटतं.

मारुतराय या सगळ्यांतून सुटले, कारण ते बोलतच नाहीत. याचा त्यांना अहंकार आहे. ‘आम्ही मूळचे’ हा भाव त्या फुगलेल्या गालांत आहे, आणि घराण्याचा विषय निघाला तर ते अवघड होतात. त्र्यंबक रस्त्यावरचं अंजनेरी हे जन्मस्थान, यावर नाशिककराला शंका नाही. पण किष्किंधावाल्यांना आहे, आणि 2022 मध्ये त्यावर नाशकात शास्त्रार्थाला बसलेले साधुमहंत शास्त्र बाजूला ठेवून भांडले. टाकळीला समर्थांनी स्थापलेला मारुती शेणाचा, गोमय मारुती. शेण चालतं तर प्लास्टिक का नाही, असा मारुतरायांचा सवाल असावा. गावोगाव हात जोडलेला दास मारुतीही असतो आणि हात उगारलेला वीर मारुतीही, आणि मूळचा कोणता म्हणून पुजाऱ्याला कोणी धारेवर धरत नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी 1917 मध्ये ‘लंकादहन’ केला तेव्हा राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच गृहस्थानं केल्या. आज असं कोणी करून बघावं.

मारुतरायांना खऱ्या अर्थानं खाली पाहायला लावलं ते पेठकडच्या एका पाहुण्यानं. शेठकडे रंगीत कागद घ्यायला आला होता. खिळ्याकडे पाहून त्यानं विचारलं, “हा नाचतो का?” त्याच्या गावी बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळ-पिपाणीवर एकेका देवाचं सोंग येतं. कोणतं सोंग कोणत्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुखवटे चांगले जड, बांधायला दोन माणसं लागतात. “सोंगाची चाल चुकली,” तो म्हणाला, “की म्हाताऱ्या तिथंच ओरडतात: हा आमचा न्हाई! त्यानं परत मागं जायचं आन्‌ परत यायचं.” कागदाची सुरळी काखेत मारून तो गेला. ‘ये वाला नहीं’ त्याच्या गावी केव्हापासून म्हणतायत, हे विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी फायरिंग नव्हतं. मारुतराय कोणालाच मान डोलावू शकले नाहीत.

परवा एक चार वर्षांची मुलगी आली. वडील फौजेत, बदलीचा हुकूम आलेला, सामानाच्या पेट्या भरणं चालू. तिनं बोट केलं ते सरळ खिळ्याकडे. शेठनी मारुतरायांना उतरवलं तेव्हा भिंतीवर त्यांच्या आकाराचा पांढरा डाग दिसला. बाकी भिंत पिवळी पडलीय. धूळ फुंकली, पिन तपासली, मुखवटा चढवला. इलास्टिक एकदा सटकन बसलंच. ती रडली नाही. दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, मनगट पुढे करून दोन बोटं दुमडली आणि कोळ्याचं जाळं सोडलं. मग एका उडीत खाली आली, चार पायांवर बसली आणि म्हणाली, “म्याऊ.”

मूळचे मारुतराय, घराणं अंजनेरी, म्याऊ म्हणाले. शेठ हसता हसता खोकायला लागले. तिच्या आईनं विचारलं, “लेना है?” मुलीनं मुखवटा काढला, गाल चोळला, आतून वास घेतला आणि म्हणाली, “नहीं.” मग एक खोडरबर घेऊन गेली.

शेठनी ओलं झालेलं नाक बनियनच्या टोकानं पुसलं आणि मारुतरायांना पुन्हा खिळ्यावर चढवलं. घाईत टांगल्यामुळे ते डावीकडे कलले होते आणि पांढऱ्या डागाची एक कड उघडी राहिली होती. सहाच्या सुमाराला फायरिंग सुरू झालं, चौथ्या-पाचव्या बाराला ते सरळ झाले.